एकशे एकोणिसावं नाव

१

भिंतीवर एकशे अठरा मेलेली माणसं होती. बुधवारी सकाळी मिस्त्रीनं मोजली तर एकशे एकोणीस भरली.

त्यानं पुन्हा मोजली. वरून खाली, खालून वर, मग चष्मा पुसून. मेलेली माणसं इकडंतिकडं फिरत नाहीत, त्यामुळे मोजायला सोपी. पण आकडा काही हलेना. शेवटी तो गुडघे टेकून बसला, शेवटच्या रांगेच्या अगदी तळाशी वाकला, जादा नाव वाचलं आणि साहेबांना फोन लावायला धावला.

कारण त्या नावाचा माणूस जिवंत होता. नुसता जिवंत नव्हे, उद्या सकाळी दहा वाजता ह्याच भिंतीवरचा पडदा ओढायला येणार होता. निमंत्रणपत्रिकेत त्याचं नाव मंत्र्यांच्या खालोखाल, ठळक अक्षरात होतं.

अर्ध्या तासात उपसंचालक साहेब पडद्यामागे घामाघूम उभे होते, आणि त्यांच्या शेजारी टाचणीबाई.

बाईंचं खरं नाव पगाराच्या कागदापुरतं. बाकी सगळीकडे टाचणी. तीस वर्षं त्यांनी विमा कंपनीत एकच काम केलं होतं: मेला म्हणून कळवलेला माणूस खरोखर मेलाय का, हे बघायचं. बुडून मेलेल्या एकाला त्यांनी न्हाव्याच्या खुर्चीत दाढी करताना पकडलं होतं. जळून मेलेला दुसरा त्यांनाच रांगेत धक्का मारून पुढे गेला होता. निवृत्त झाल्यावर स्मारक विभागानं त्यांना बोलावलं ते ह्याच कारणानं. पंचावन्न वर्षांपूर्वीच्या लढाईत डोंगरावर दारूगोळा वाहून नेणारे ओझेवाले मेले होते. त्यांच्या हातात बंदूक नव्हती, म्हणून सरकारनं त्यांना सैनिक मानलं नाही, आणि कुठल्याच दगडावर त्यांची नावं आली नाहीत. आता यायची होती. कोण खरोखर मेलं, त्याची यादी टाचणीबाईंनी तपासली आणि खाली सही ठोकली. एकशे अठरा.

"धमकी आहे ही," साहेब कुजबुजले. जणू भिंत ऐकत होती. "त्यांना सांगतायत, उद्या आलात तर तुमचाही नंबर लागेल. बाई, उद्या मंत्री आहेत हो इथं!"

"मंत्र्यांचं नाव आहे का कुठं?"

"अहो, शुभ बोला!"

टाचणीबाई खाली बसल्या. नाव गुडघ्याच्या उंचीवर होतं. अक्षरं वेडीवाकडी नव्हती, पण बाकीच्या नावांसारखीही नव्हती.

"हे माझं काम नाही," मिस्त्री एका दमात म्हणाला. "आईशप्पथ. बाई, बोट फिरवून बघा. आम्ही अक्षराला चर मारतो. दोन्हीकडून तिरपी छिन्नी, मधे खोल. हे बघा, नुसती टिंबं. टिंबाला टिंब लावून अक्षर केलंय. असं कोणी नाव कोरत नाही. दगड गुळगुळीत झाला असेल आणि परत खरखरीत करायचा असेल, तर असं मारतात."

"आणि हा आकडा?"

प्रत्येक नावापुढे त्या माणसाच्या बिल्ल्याचा नंबर होता. ओझेवाल्यांच्या गळ्यात पत्र्याचा बिल्ला असायचा. बर्फात सापडलेल्या मुडद्यांची नोंद त्या बिल्ल्यांवरूनच झाली होती, आणि नोंदीवरून यादी. ह्या जादा नावापुढे सत्तेचाळीस होतं.

टाचणीबाईंनी मान वर केली. तिसऱ्या रांगेत, डोळ्यांच्या उंचीला, आणखी एक सत्तेचाळीस होता. नाव वेगळं. तो त्यांच्या यादीतला, रीतसर मेलेला.

"पडदा ओढणारे पाहुणे त्या ओझेवाल्यांपैकीच, पण त्यांचा बिल्ला तर सेहेचाळीस आहे," त्या म्हणाल्या. "पत्रिकेत छापलाय."

"घाईत चुकला असेल तो," साहेब म्हणाले. "मिस्त्री, चार वाजता ग्राइंडर आण आणि हे घासून टाक. कोणाला कळता कामा नये."

तेवढ्यात टाचणीबाईंचा फोन वाजला. पाहुण्यांची लेक होती. आवाज इतका दबलेला की बाईंनी दुसरा कान बोटानं बंद केला.

"मॅडम, लवकर या. बाबांनी स्वतःला खोलीत कोंडून घेतलंय. आणि ती बाई आजपण आलीय. समोर उभी आहे. आमच्या दाराकडं बघतेय."

२

घर दुसऱ्या मजल्यावर होतं. लेकीनं दार बोटभर उघडलं, टाचणीबाईंचा चेहरा नीट बघितला, मग साखळी काढली. ती दाताच्या दवाखान्यात नावं नोंदवायला बसायची. घाबरलेली माणसं हा तिचा रोजचा विषय. पण आज तिनंच साखळी परत लावून दोनदा ओढून बघितली.

"कधीपासून?"

"सोमवारपासून. सोमवारी ती बाई दारात आली, म्हणाली, 'आजोबांना भेटायचंय.' मी आत सांगायला गेले तर बाबांनी दाराच्या फटीतून तिला बघितलं आणि पांढरेफटक पडले. म्हणाले, 'घालव तिला.' माझ्या बाबांनी कधी मांजर हाकललं नाही हो! काल रंगीत तालमीला गेले तेवढेच. आल्यापासून जेवले नाहीत. आणि मघाशी साहेबांचा फोन आला, भिंतीवर तुमचं नाव लिहिलंय कोणीतरी, घराबाहेर पडू नका. मॅडम, माझ्या बाबांना मारणार का कोणी?"

टाचणीबाईंनी पडदा किंचित सरकवला. खाली रस्त्यापलीकडे, बंद दुकानाच्या पायरीवर, एक पासष्टी उलटलेली बाई उभी होती. हातात काळी छत्री. ऊन नाही, पाऊस नाही, आणि छत्री उघडलेली. तिनं हळूच छत्री मागे कलवली आणि बरोबर ह्याच खिडकीकडे पाहिलं.

टाचणीबाईंनी पडदा सोडला. तीस वर्षांत त्या इतक्या चटकन कुठल्या खिडकीपासून मागे सरल्या नव्हत्या.

आतल्या खोलीचं दार लेकीनं बऱ्याच विनवण्या केल्यावर उघडलं. आजोबा पलंगाच्या कोपऱ्यात, पाठ भिंतीला लावून बसले होते. खिडकीला चादर ठोकलेली. खोलीत औषधांचा आणि कोंडलेल्या श्वासाचा वास. मांडीवर दोन्ही हात, आणि डावा हात उजव्यानं घट्ट धरलेला, सुटून पळेल की काय असा.

"आजोबा, मी यादीवाली."

"ठाऊक आहे. सगळे मेलेले तपासलेत तुम्ही." ते हसायला गेले, पण हसू अर्ध्यातच बसलं. "भिंतीवरचं... ते पुसणार का?"

"चार वाजता."

"आजच?"

"आजच. साहेबांना घाई आहे."

आजोबांनी डोळे मिटले. त्यांच्या डाव्या हाताच्या मागच्या बाजूला कातडीत निळेकाळे बारीक ठिपके होते. मोहरी सांडावी तसे. टाचणीबाईंना आधी वाटलं वयाचे डाग. पण वयाचे डाग दोन्ही हातांवर येतात. हे एकाच हातावर होते.

"कोणावर संशय आहे तुमचा?"

"कोणावर नाही."

"कोणाशी वैर?"

"पंचाहत्तर वर्षांच्या माणसाशी वैर करायला लोकांना वेळ नाही, बाई."

"ती खालची बाई कोण?"

ह्या प्रश्नावर मात्र त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. त्यांचे दात वाजत होते, आणि खोलीत तर उकडत होतं.

बाहेर आल्यावर टाचणीबाईंनी लेकीला विचारलं, "बाबा नोकरी कुठं करत होते?"

"पिठाच्या गिरणीत. पस्तीस वर्षं. का हो?"

"सहज."

जिना उतरताना एक गोष्ट त्यांच्या डोक्यात खड्यासारखी टोचत होती. जिवाची धमकी आलेला माणूस पहिला प्रश्न काय विचारतो? 'कोणी लिहिलं?' आजोबांनी विचारलं, 'पुसणार का?'

त्या रस्त्यावर आल्या. समोरची पायरी रिकामी होती. छत्रीवाली गायब. टाचणीबाई कोपऱ्यापर्यंत गेल्या, इकडंतिकडं पाहिलं, कोणी नाही. त्या वळणार, एवढ्यात मागून छत्रीची वाकडी मूठ त्यांच्या दंडात अडकली आणि कोणीतरी त्यांना बोळात खेचलं.

३

"ओरडू नका," ती बाई म्हणाली. "मला ओरडणाऱ्या बायकांचा फार कंटाळा येतो."

"आणि मला ओढणाऱ्यांचा," टाचणीबाई म्हणाल्या. छातीत धडधडत होतं, पण जीभ शाबूत होती. "सोडा आधी."

बाईनं मूठ सोडवली. जवळून बघितलं तर तिचे डोळे रडून सुजलेले होते.

"तुम्ही त्या घरातून आलात. म्हातारा बोलतो का तुमच्याशी?"

"तुम्ही कोण?"

"मी सत्तेचाळीसची बहीण."

तिसऱ्या रांगेतला सत्तेचाळीस. यादी करताना त्यांनी स्वतःच हिला पत्र पाठवलं होतं: आपल्या भावाचं नाव कोरलं जात आहे, समारंभाला यावं.

"मी बारा वर्षांची होते तो गेला तेव्हा," बहीण म्हणाली. "पाच ओळींचं पत्र आलं. मेला. बस. कसा, कुठं, काही नाही. आईनं ते पत्र कधी खरं मानलं नाही. दहा वर्षं रोज त्याचं ताट वाढलं. मग तीच गेली. आता पत्रिकेत बघितलं, सेहेचाळीस नंबर जिवंत आहे. अहो, दोराला बांधून चालायचे ते, नंबरानं! सेहेचाळीसच्या मागेच सत्तेचाळीस. ह्या माणसानं माझ्या भावाला शेवटचं बघितलं असणार. मला एवढंच विचारायचंय, त्याला फार त्रास झाला का. तीन दिवस झाले, दार उघडत नाही. का हो? काय केलंय त्यानं माझ्या भावाचं?"

शेवटचं वाक्य तिनं अशा आवाजात म्हटलं की टाचणीबाई नकळत एक पाऊल मागे गेल्या.

"तुम्ही भिंतीपाशी गेला होतात?"

"आत सोडलं तर ना! तुमचा पहारेकरी म्हणजे डासालापण पास मागतो."

बाईंनी तिच्या अतिथिगृहाचा नंबर लिहून घेतला आणि तडक स्मारकावर गेल्या. पहारेकरी फाटकाशी स्टुलावर होता. मिशी मोठी, उत्तरं छोटी.

"रात्री कोण आलं होतं?"

"कोणी नाही. माझी चौकी भिंतीपासून दहा पावलांवर. दगडावर नख मारलं तरी ऐकू येईल."

"मग काल दिवसा?"

"सकाळी साहेबांनी आणि मिस्त्रीनं नावं मोजली. एकशे अठरा. पडदा लावला. मिस्त्री घरी गेला. तीन वाजता तालीम. साहेब मंचावर, बँडवाले समोर. दोन तास नुसता धुडगूस. माझे कान अजून भरलेत."

"आणि पडद्यामागं?"

"कोणी नाही."

"कोणीच?"

"आजोबा सोडून. पण ते कशाला... म्हणाले, माझे सोबती आहेत, मला जरा एकटं बसू दे. मी स्टूल दिलं बसायला. रडत असतील बिचारे. बाहेर आले तेव्हा कपडे पांढरे झालेले. भिंतीला टेकले असतील. मीच झटकले."

"हातात काय होतं?"

"औषधांची पिशवी."

टाचणीबाईंनी घड्याळ बघितलं. साडेतीन वाजले होते. पडद्यामागे अंधारून आलेलं, आणि मिस्त्री ग्राइंडरची वायर सोडत होता.

फोन वाजला. लेक रडत होती.

"मॅडम, बाबा घरात नाहीत! मी खाली दूध आणायला गेले, पाच मिनिटं, आले तर दार सताड उघडं. आणि मॅडम... ती छत्रीवाली आता समोर उभी नाही. तीपण नाही."

४

"कुठं शोधायचं आता?" साहेबांनी डोकं धरलं. "पोलीस बोलवू? नको, पोलीस नको, बातमी होईल. बोलवूच का?"

"शोधायचं नाही," टाचणीबाई म्हणाल्या. "थांबायचं. ते इकडेच येतायत."

"धमकी आलेला माणूस इकडे कशाला येईल?"

"कारण चार वाजता तुम्ही ते नाव पुसणार आहात, आणि ते मी त्यांना सांगून बसलेय."

मिस्त्रीनं ग्राइंडर चालू केला. त्या आवाजात कोणाला पावलं ऐकू आली नाहीत. पडदा फुगला, बाजूला झाला, आणि आजोबा आत आले. अनवाणी. एका हातात गिरणीतली टाकी, म्हणजे दगड टोचायची टोकदार छिन्नी, दुसऱ्या हातात छोटा हातोडा. साहेब किंचाळले आणि मिस्त्रीच्या मागे लपले. मिस्त्रीलाही कोणाच्या तरी मागे लपायचं होतं, पण त्याच्या मागे साहेब होते.

आजोबांनी कोणाकडे पाहिलं नाही. ते सरळ भिंतीच्या तळाशी गेले, त्या नावावर पाठ टेकून बसले आणि टाकी छातीशी धरली. घरघरणारी चकती त्यांच्या कानापासून हातभर अंतरावर फिरत होती.

"आधी मला घासा," ते म्हणाले.

"बंद कर ते!" टाचणीबाई ओरडल्या. ग्राइंडर थांबला. अचानक इतकी शांतता झाली की सगळ्यांना आपापला श्वास ऐकू आला.

बाई त्यांच्यासमोर जमिनीवर बसल्या.

"आजोबा, मी बोलते. चुकलं तर थांबवा."

त्यांनी टाकी आणखी घट्ट धरली.

"हे नाव तुम्हीच कोरलंत. काल, बँडच्या गोंगाटात, पहारेकऱ्याच्या स्टुलावर बसून. म्हणून ते गुडघ्याच्या उंचीला आहे. मिस्त्री म्हणतो, दगड खरखरीत करायला अशी टिंबं मारतात. खरखरीत दगड कोणाला लागतो? गिरणीला. पीठ दळून दळून गुळगुळीत झालेल्या जात्याला टाकी लावायची, हे तुमचं पस्तीस वर्षांचं काम. टाकी धरलेल्या हातावर पोलादाच्या किरचा उडतात आणि कातडीत राहतात. त्या तुमच्या डाव्या हातावर आहेत."

आजोबांनी डावा हात मांडीखाली सरकवला. लहान मुलासारखा.

"पण स्वतःचं नाव मेलेल्यांत कोण लिहील? मीही अडकले इथंच. मग आकडा आठवला. साहेब म्हणाले चुकला. तुमचा नंबर तुम्ही रोज उठता बसता ऐकलेला, तो चुकेल? तुम्ही जाणून सत्तेचाळीस लिहिलंत. बिल्ला एक, मुडदा एक, आणि भिंतीवर नावं दोन. म्हणजे बर्फात जो माणूस सत्तेचाळीसचा बिल्ला घालून सापडला, तो सत्तेचाळीस नव्हताच. तो सेहेचाळीस होता. ज्याचं नाव तुम्ही काल कोरलंत, तो." टाचणीबाईंचा आवाज खाली आला. "आणि सेहेचाळीस तिथं मेला असेल, तर सेहेचाळीसचा बिल्ला घेऊन खाली कोण आलं?"

पडद्याबाहेर काहीतरी खळकन पडलं. कोणाचंच तिकडे लक्ष नव्हतं.

"मी," आजोबा म्हणाले.

५

"नावानं कोणी हाक मारतच नव्हतं," ते सांगू लागले. आवाज जात्याखालून यावा तसा. "नंबर. सेहेचाळीस पुढे, मी मागे. तो माझ्याहून चार वर्षांनी मोठा. मागे रडायला कोणी नाही, म्हणून सारखा हसायचा. त्याला ताप भरला, डॉक्टरनं खाली जायची चिठ्ठी दिली. सेहेचाळीस नंबरच्या नावे. त्याच दिवशी वरून तोफा सुरू झाल्या. दोर तुटला. पुलावर शिपाई होते, चिठ्ठी आणि बिल्ला जुळला तरच सोडत होते. बाकीच्यांना परत वर. मी वीस वर्षांचा होतो, बाई. मला एवढी भीती वाटली... एवढी भीती की मला माझे हातच दिसेनात."

"तो मेला होता?"

हा प्रश्न साहेबांनी विचारला. कसा कोण जाणे, पण ते मिस्त्रीच्या मागून बाहेर आले होते.

आजोबांनी टाकी जमिनीवर ठेवली.

"बघितलं नाही मी. तो बर्फात आडवा होता. मी त्याचा बिल्ला काढला, माझा त्याच्या गळ्यात घातला, खिशातली चिठ्ठी घेतली. श्वास चालू होता का, ते बघितलंच नाही. बघितलं असतं आणि चालू असता, तर थांबावं लागलं असतं."

मिस्त्रीनं ग्राइंडर खाली ठेवला.

"घरी का नाही गेलात?" टाचणीबाईंनी विचारलं.

"पळून आलेल्याला गोळी घालतात असं ऐकलं होतं. म्हटलं, वर्षभर थांबू. मग कळलं, घरी पत्र गेलंय, मी मेलोय. मेलेला मुलगा बरा की पळपुटा? म्हटलं, आणखी एक वर्ष. असं करत करत लग्न झालं, पोरगी झाली. त्याच्या नावावर जगलो, जेवलो. ही भिंत झाली तेव्हा वाटलं, सुटलो, त्याला जागा मिळेल. आणि यादी आली. त्यात मी. तो नाहीच! पंचावन्न वर्षांनी सरकारला सगळे आठवले, आणि तो तेवढा राहिला. माझ्यामुळे. त्याच्या दगडावर माझं नाव, आणि पडदा ओढायला परत मीच." त्यांनी बाईंकडे वर पाहिलं. "आता धरतील मला?"

तीस वर्षं खोटी मरणं पकडणाऱ्या टाचणीबाईंना पहिल्यांदाच कोणी असं विचारत होतं. त्यांनी साहेबांकडे बघितलं.

"तुमच्या सरकारनं ह्यांना सैनिक मानलं होतं का?"

"नाही, तांत्रिकदृष्ट्या... नोंदीत मजूर."

"मग पळाले कुठून? मजूर काम सोडून घरी गेला. माझ्या हिशोबी धरायला काही नाही. पण मी न्यायाधीश नाही, आजोबा. धरणारच नाहीत असं वचन देऊ शकत नाही. मी फक्त एक चुकीची सही केलीय, ती दुरुस्त करू शकते. त्यासाठी तुम्ही आत्ता सांगितलंत ते लिहून द्यावं लागेल. ह्या भिंतीवरून कोणतं तरी एक नाव आज जाणार. तुम्ही गप्प राहिलात तर त्याचं जाईल."

आजोबांनी मान वळवून पाठीमागच्या नावाकडे बघितलं.

साहेब मनातल्या मनात काहीतरी मोजत होते. "म्हणजे एक आत, एक बाहेर," ते एकदम म्हणाले. "आकडा एकशे अठराच राहतो?"

"राहतो."

"पुस्तिका छापून झालीय हो, म्हणून विचारलं."

पडदा सरकला. पडद्याच्या फटीत लेक उभी होती, धापा टाकत. आणि तिच्यापुढे, बंद छत्री पायाशी पडलेली, सत्तेचाळीसची बहीण. ती किती वेळ तिथं होती ते तिचा चेहरा बघूनच कळत होतं.

"मी ह्यांच्या मागेच आले, फाटकावर सांगितलं, ह्यांच्याच घरची आहे," बहीण म्हणाली. "घरातून बाहेर पडताना बघितलं. अनवाणी चालले होते. चालण्यात काहीतरी... म्हटलं, हे चालणं मी कुठंतरी बघितलंय."

आजोबा भिंतीत शिरू पाहत होते. त्यांनी तोंड हातानं झाकलं. तोफांची भीती सांगताना कापला नव्हता एवढा तो म्हातारा आता कापत होता.

ती जवळ आली. वाकली. त्यांचे हात तोंडावरून काढायला तिनं ताकद लावली. बराच वेळ बघत राहिली.

"पंचावन्न वर्षं," ती म्हणाली. "बस मिळाली नाही का तुला?"

"आई..."

"गेली. तुझं ताट वाढून गेली. मी सांगायची तिला, अगं, मेला तो. तीच खरी निघाली, आणि मी खोटी पडले." तिनं डोळे पुसले नाहीत. "भित्रा कुठला. विहिरीत डोकावतानापण माझा हात धरायचास. मी बारा वर्षांची, आणि हा वीसचा घोडा!"

लेक पडद्यापाशीच उभी होती. "बाबा," ती हळूच म्हणाली, "मग मी नाव कोणाचं लावते?"

आजोबांनी पाठ नावावरून बाजूला घेतली आणि तळाच्या टिंबाटिंबांच्या ओळीवर हात ठेवला. "ह्याचं. चांगला होता फार."

लेक आली आणि ते नाव बोटांनी चाचपू लागली. तिला बाबांकडे अजून बघवत नव्हतं.

"मिस्त्री," आजोबा उठत म्हणाले. उठताना त्यांनी लेकीचा खांदा धरला, आणि तिनं धरू दिला. "मी लिहून देतो बाईंना. सगळं. ग्राइंडर घे." ते तिसऱ्या रांगेपाशी गेले आणि डोळ्यांच्या उंचीवरच्या नावावर बोट ठेवलं. "हे घास."

मिस्त्रीनं साहेबांकडे बघितलं. साहेबांनी टाचणीबाईंकडे. बाईंनी मान हलवली. मिस्त्री बटण दाबणार, तेवढ्यात बहिणीनं त्याचं मनगट पकडलं.

"थांब रे. एवढ्या लांबून आलेय मी हे बघायला. मला एकदा वाचू दे."

ती दगडासमोर उभी राहिली. चष्मा नव्हता, म्हणून बोट अक्षरांवरून फिरवत, एकेक अक्षर लावत, तिनं ते नाव मोठ्यानं वाचलं. पहिल्यांदा अडखळत. मग एकदा नीट, जोरात, अंगणातून कोणाला तरी घरात बोलवावं तसं.

"ओ," मागून आजोबा म्हणाले.